मृदंगाची थाप आणि घरातला स्पीकर

कोणत्याही नादाला तारता, तीव्रता आणि जाती असे तीन गुण असतात, असे संगीताची पाठ्यपुस्तके सांगतात. स्वर उंच की नीच हे तारतेवरून कळते, आवाज मोठा की लहान हे तीव्रतेवरून. हे दोन्ही सारखे असले तरी सनई ती सनई आणि पेटी ती पेटी, हे ज्यामुळे कळते ती जाती. घरातल्या ध्वनियंत्रणेची खरी परीक्षा ह्या तिसऱ्या गुणावर होते. तारता बिघडवणारे यंत्र आता जवळजवळ उरलेले नाही. कॅसेटच्या काळात सेल उतरले की मोठमोठे गवई अर्धा स्वर खाली येत, तो प्रकार डिजिटलबरोबर संपला. तीव्रता बटण फिरवून मिळते. जातीसाठी मात्र बटण नाही. मूळ वाद्य, माइक, ध्वनिमुद्रण, फाइल, ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोली आणि ऐकणाऱ्याचा कान, ह्यांतले प्रत्येक जण तिला थोडाफार हात लावते.

मूळ वाद्य कानात बसलेले नसेल तर ही परीक्षा घेताच येत नाही. मोठ्या शहरातला हौशी श्रोता बहुधा एका स्पीकरची तुलना दुसऱ्या स्पीकरशी करत असतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कसोटी दरवर्षी दारात येते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम करत नीरा ओलांडून अकलूजकडे जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवडीला आणि इंदापूरला अश्वांचे. प्रत्येक दिंडीत विणेकरी, मृदंगी आणि टाळकऱ्यांच्या रांगा असतात. वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो पखवाज, टाळ आणि वीणा ही वाद्ये ह्या रस्त्यावरच्या माणसाने हाताच्या अंतरावरून, मध्ये कुठलेही यंत्र नसताना ऐकलेली असतात.

ह्याच वाद्यांना धरून दोन बाजू इथे समोरासमोर मांडल्या आहेत. एक बाजू इंदापूरकडच्या भजनी मंडळातल्या मृदंग्याची, दुसरी बारामतीत ध्वनियंत्रणा बसवणाऱ्या आणि मोजणाऱ्या तंत्रज्ञाची. दोघेही प्रातिनिधिक आहेत. मृदंगी तंत्रज्ञाला 'सर' म्हणतो, तंत्रज्ञ त्याला 'बुवा'.

मृदंग्याची तक्रार थेट आहे. "घरात स्पीकरवर मृदंग ओळखू येतो, सर. पण समोर मृदंग वाजतोय असं कधी वाटत नाही. थापेत दम नसतो आणि शाईची आस मधेच तुटते."

"ओळखू येतो म्हणजे पुष्कळ पोचलं," तंत्रज्ञ म्हणतो. "राहिलेलं कुठं गळलं ते शोधता येतं. पण आधी मूळ कुठलं धरायचं ते सांगा, बुवा. दिंडीतला मृदंग, देवळाच्या सभामंडपातला, की सप्त्यात भोंग्यातून येतो तो?"

प्रश्न खवचट वाटला तरी तो टाळता येत नाही. गावोगावच्या हरिनाम सप्त्यांत मृदंग माइकपुढे वाजतो आणि भोंग्यातून बाहेर येतो. भोंग्याचे काम शब्द लांबवर पोचवण्याचे. तीन-चारशे हर्ट्झच्या खाली त्यातून फारसे काही बाहेर पडत नाही, वरच्या टोकालाही तो लवकर संपतो आणि मधल्या पट्ट्यात किंचाळतो. त्यात कीर्तनाच्या साउंड सेटवर एको लावायची रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकलेल्या कानाला चांगला स्पीकर सपक वाटू शकतो, आणि वाटतोही. मृदंगी हे मान्य करतो, पण मूळ बदलू देत नाही: "भोंगा मी रोज ऐकतोय, म्हणून तो खरा होत नाही. मांडीवर मृदंग घेतल्यावर जे वाजतंय ते खरं." कसोटी म्हणून हेच धरणे योग्य आहे. मात्र वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारा नाद आणि दहा फुटांवरच्या टाळकऱ्याला ऐकू येणारा नाद हे एक नव्हेत, ही गोष्ट पुढे अडचण करणार आहे.

आता वाद्याकडे. साधे गोल, सगळीकडे सारख्या जाडीचे चामडे ताणून वाजवले तर त्यातून निघणाऱ्या कंपनांचे प्रमाण 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65 असे वेडेवाकडे येते. त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो, म्हणून साध्या ढोलाला नेमका स्वर लागत नाही. पखवाजाच्या उजव्या पुडीवरची शाई हा मेळ घडवून आणते. मध्यभागी थरावर थर देऊन घोटलेल्या शाईचे वजन चामड्याची कंपने अशी बदलते की ती 1, 2, 3, 4, 5 अशा सरळ पटींच्या जवळ येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये हे प्रथम मांडले. पुढे 1930 नंतरच्या दशकात रामन यांनी दाखवले की पुडीची पहिली नऊ कंपने मिळून फक्त पाच सांगीतिक स्वरांश देतात. म्हणजे चामड्याच्या कंपनाचे वेगवेगळे आकार एकाच तारतेवर आणून बसवलेले असतात. बोट कुठे पडते आणि दुसरे बोट पुडीवर कुठे टेकलेले असते, त्यावर ह्यांतले कोणते जागे होणार ते ठरते. 'ना' आणि 'ता' वेगळे ऐकू येतात ते ह्यामुळे.

डाव्या तोंडाची रीत वेगळी. तिथे कायमची शाई नसते. वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. तिने तोंड जड होते, स्वर खाली उतरतो आणि घुमारा येतो. कणीक सुकत गेली की नाद चढतो आणि कोरडा होतो, मग मृदंगी पाण्याचा हात लावतो किंवा कणीक बदलतो. आषाढातल्या दमट हवेत उजवी पुडी ओल धरून उतरते, तेव्हा गट्ट्यांवर हातोडी चालते. देहूपासून पंढरपूरपर्यंत एकच मृदंग रोज थोडा वेगळा वाजतो. ध्वनिमुद्रणात त्यातली एकाच दिवसाची एकच अवस्था पकडलेली असते. मृदंगी 'हा असा नसतो' म्हणतो तेव्हा दोष यंत्राचा नसून त्या दिवशीच्या कणकेचा असण्याची शक्यता तंत्रज्ञ बोलून दाखवतो, आणि मृदंगी ती हसून सोडून देतो.

तो हसण्यावारी नेत नाही तो मुद्दा थापेचा. हरमान हेल्महोल्ट्झ यांनी 1863 सालच्या ग्रंथात जातीचा उलगडा स्वरांशांच्या कमीअधिक प्रमाणाने केला. पेटीसारख्या सलग चालणाऱ्या नादाला तो बराच लागू पडतो. पण वाद्य ओळखताना कान नादाच्या सुरुवातीला फार महत्त्व देतो, हे विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी दाखवले. फितीवरून नादाचा आरंभ कापून उरलेला भाग ऐकवला की सरावलेल्या लोकांचीही वाद्ये ओळखण्यात गफलत होते. मृदंगाच्या बाबतीत तर आरंभ हेच अर्धे वाद्य आहे. 'धा'ची थाप पडते, काही मिलिसेकंदांत सगळा जोर बाहेर येतो आणि मग आस उरते.

"दम म्हणता तो इथं आहे, बुवा," तंत्रज्ञ हिशोब मांडतो. "थापेचं टोक सरासरी आवाजाच्या वीस डेसिबल वर असू शकतं. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरीला एक वॉट लागत असेल तर थापेच्या क्षणाला शंभर. ॲम्प्लिफायर वीस वॉटचा असेल तर टोक कापलं जाणार."

"म्हणजे मोठा ॲम्प्लिफायर आणला की झालं?"

"नाही झालं. बरेच वेळा टोक स्टुडिओतच दाबलेलं असतं. गाडीत, मोबाइलवर, सगळीकडे आवाज मोठा वाटावा म्हणून."

हे दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि यंत्रे विकणारे ते सहसा देत नाहीत. भक्तिगीतांच्या अनेक मुद्रणांत थाप आणि आस ह्यांच्यातले अंतर कमी केलेले असते. एकदा दाबलेले टोक घरातला कोणताही स्पीकर पुन्हा उभे करू शकत नाही. उलट जुन्या, साध्या मांडणीच्या मुद्रणांत वरच्या-खालच्या टोकांची कमतरता असूनही थाप शाबूत सापडते.

स्पीकरचाही वाटा आहेच. दोन भागांच्या स्पीकरमध्ये साधारण दोन-तीन हजार हर्ट्झपाशी नादाची वाटणी होते: खालचा भाग वूफरकडे, वरचा ट्वीटरकडे. थापेत दोन्ही एकाच क्षणी असतात. वाटणी नीट जुळवलेली नसली किंवा कान ट्वीटरच्या फार वर-खाली असला, तर थापेचा टणक आरंभ आणि तिच्या मागचे अंग एकमेकांपासून सुटतात. ट्वीटर कानाच्या पातळीला आणणे हा ह्यावरचा पहिला उपाय, आणि त्याला एक स्टूल पुरते. घरोघरी स्पीकर कपाटावर चढवलेले दिसतात ते मुलांच्या हातापासून वाचावेत म्हणून. नादासाठी ती जागा वाईट.

टाळाची अडचण उलट्या टोकाला आहे. टाळ काशाचा, त्याचे स्वरांश एकमेकांच्या सरळ पटींत नसतात आणि कानाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे वीस हजार हर्ट्झच्या दिशेने बरेच वर जातात. जोडीतले दोन टाळ अगदी एका सुराचे क्वचितच असतात, त्यामुळे नादात हेलकावा येतो. हे वरचे अंश घरापर्यंत पोचतातच असे नाही. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानचे सामुदायिक रेडिओ केंद्र, वसुंधरा वाहिनी, 90.4 मेगाहर्ट्झवर आहे. एफएमच्या तंत्रात नाद पंधरा हजार हर्ट्झपर्यंतच पाठवतात. 128 केबीपीएसची एमपी3 फाइल बहुधा सोळा हजारांपाशी कापलेली असते. 1982 साली बाजारात आलेली सीडी मात्र कानाची सगळी मर्यादा व्यापते.

मृदंग्याला वाटते की टाळ इथेच मरतो. तंत्रज्ञाचे उत्तर थोडे क्रूर आहे: "बुवा, साठीनंतर बारा हजारांच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही. तुम्ही तर जन्मभर टाळकऱ्यांच्या मधे उभे राहिलात."

"मग मला टाळ खरखरीत का लागतो? जे ऐकू येत नाही ते कापलं तर मला काय त्याचं!"

इथे मृदंग्याचा कान बरोबर आहे आणि कारण दुसरे आहे. एमपी3 पद्धतीत नादाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातला कमी महत्त्वाचा भाग टाकून देतात. लांब तुकडा 576 नमुन्यांचा, सीडीच्या वेगाने सुमारे तेरा मिलिसेकंदांचा असतो. टाळाचा आघात तुकड्याच्या शेवटी पडला तर त्याची खरखर त्याच तुकड्यात मागे पसरते आणि आघाताच्या आधीच ऐकू येते. एन्कोडर आघात ओळखून छोटे तुकडे वापरतो, पण जागा कमी दिलेली असेल तर त्याची ओढाताण होते. युरोपातल्या चाचण्यांत हा दोष पकडायला कॅस्टानेट्स हे आपल्या चिपळ्यांच्या जातीचे वाद्य वापरले गेले, ते उगाच नव्हे. त्यात मोबाइलवरून ब्लूटूथने स्पीकरकडे पाठवताना नाद पुन्हा एकदा दाबला जातो. चांगल्या प्रतीची फाइल आणि साधी तार एवढ्याने टाळ पुष्कळ सुधारतो.

तरीही दिंडीचा टाळ घरात येत नाही, आणि ह्यावर दोघांचे एकमत आहे. भीमसेन जोशी यांच्या संतवाणीत माउली टाकळकर यांचा टाळ साथीला असे. एका जाणत्या हाताचा टाळ, त्याचा आघात आणि बंद दोन्ही स्पष्ट. दिंडीत अनेक हात असतात. शंभर टाळ एकत्र वाजले तर एका टाळापेक्षा आवाज वीस डेसिबलने वाढतो, आणि ते कधीही नेमके एका क्षणी पडत नाहीत. ऐकणाऱ्याभोवती ते सगळ्या दिशांनी असतात, मुद्रणात दोन माइकमध्ये गोळा होतात आणि घरात दोन पेट्यांतून येतात. इथे हरवते ती वाद्याची जाती नसते. नादाचा भोवताल हरवतो.

वीणा आणि तंबोऱ्याकडे वळले की वाद पुन्हा रंगतो. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून, म्हणजे उजनी धरणाच्या खाली वाहणाऱ्या भीमेच्या काठच्या मुलखातून जातात. घोडीचा माथा किंचित उतरता घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. तार घोडीच्या माथ्याला पुन्हा पुन्हा चाटत कंप पावते आणि वरच्या स्वरांशांचा झोत सुरू होतो. तार जिथे छेडावी तिथले काही स्वरांश उमटू नयेत असा साध्या तारांचा नियम आहे. जवारीच्या वाद्यांत ते तरीही जोरात ऐकू येतात, हे रामन यांनी 1921 साली दाखवले.

तंत्रज्ञाला तंबोरा आवडतो, कारण त्याचे म्हणणे इथे स्वच्छ सिद्ध होते. पुरुषाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला तर मधला षड्ज 138.6 हर्ट्झला आणि खर्ज 69.3 हर्ट्झला येतो. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर 69 हर्ट्झ देऊ शकत नाही. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते, आणि एवढ्याशा पडद्याला ती झेप नसते. तरी खर्जाचा स्वर ऐकू येतो! 138.6, 207.9, 277.2 असे वरचे अंश पोचले की त्यांच्या अंतरावरून मेंदू न पोचलेला पाया स्वतः भरून काढतो.

"म्हणजे स्पीकरमध्ये खर्ज नाही आणि मला तो ऐकू येतो," मृदंगी म्हणतो. "मग कान फसतोच की, सर. फसणाऱ्या कानाची साक्ष तुम्ही कशाला घेता?"

"स्वराबाबत फसतो. पोटात जाणवतं त्याबाबत फसत नाही. तुम्हीच म्हणाल, तंबोरा सुरात आहे पण भोपळा रिकामा वाटत नाही, सपाट वाटतो."

ह्याच कारणाने मृदंगाचे डावे तोंड छोट्या स्पीकरवर अर्धे होते. जवारीचा झोत वरच्या पट्ट्यात असल्याने तो स्वस्त स्पीकरवरही बराच टिकतो. घुमारा टिकत नाही. तंबोऱ्यावरून स्पीकर पारखणारा माणूस म्हणूनच चकतो. मृदंगाची डावी बाजू ही अधिक कडक परीक्षा.

आणि ती परीक्षा स्पीकरइतकीच खोलीची असते. बारामतीच्या नव्या इमारतींतली नेहमीची खोली धरू: बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, खाली फरशी, वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आदळून एका ठरावीक कंपनाला उभा राहतो. बारा फुटांना ते कंपन सुमारे 47 हर्ट्झ, दहा फुटांना सुमारे 56. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने 56 दोनदा येते आणि तिथे फुगवटा वाढतो. त्यांच्या दुपटी, 94 आणि 113, डाव्या तोंडाच्या मुलखात पडतात. भिंतीला टेकून बसले तर हे कंपन बदाबदा ऐकू येते, खोलीच्या मधोमध बसले तर खालचे जवळजवळ नाहीसे होते. एकच 'घे' दोन खुर्च्यांवर दोन मृदंगांचा वाटतो.

वरच्या पट्ट्यात दोष वेगळा. खोलीचे घनफळ सुमारे 34 घनमीटर, आतला पृष्ठभाग सुमारे 63 चौरस मीटर. फरशी आणि गिलावा आपल्यावर पडलेल्या ध्वनीतला जेमतेम तीन टक्के भाग शोषतात. वॉलेस सॅबाइन यांच्या सूत्राने रिकाम्या खोलीत नाद विरायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मृदंगावर द्रुत लयीतले बोल एकमेकांवर चढून चिखल होतो. दहा चौरस मीटर गाद्या, गोधड्या आणि जाड पडदे आले, ते निम्मा ध्वनी शोषतात असे धरले, तर हाच काळ पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. लाखाच्या स्पीकरने जो फरक पडणार नाही तो गोधड्यांनी पडतो.

मृदंगी इथे घोंगड्यांची आठवण करून देतो; मेंढपाळांच्या ह्या मुलखात भिंतीवर घोंगडे टांगणे अवघड नाही. तंत्रज्ञ अर्धे मान्य करतो. पाच हजार हर्ट्झच्या लहरीची लांबी सात सेंटीमीटर, तिला घोंगडे अडवते. पन्नास हर्ट्झची लहर सात मीटर लांब. तिच्या दृष्टीने घोंगडे नसल्यासारखेच. खोलीभर घोंगडी लावली तर टाळ मरेल आणि घुमारा तसाच राहील. खालच्या लहरींना बाहेर जायला वाट हवी. सॅबाइन यांनी शोषणाचे माप म्हणून उघडी खिडकीच धरली होती, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. दार-खिडकी उघडी ठेवून ऐकणे हा म्हणून शास्त्रशुद्ध उपाय आहे, शेजारी चांगले असतील तर. पत्र्याच्या छपराखाली खर्ज बराचसा आपोआप बाहेर जातो, पण पत्रा स्वतः थरथरून आपला सूर मिसळतो. लाकडी तुळयांचे जुने माळवद ह्या सगळ्यांत सुखाचे, आणि आता तेच दुर्मीळ.

दिंडीचा मृदंग उघड्यावर वाजतो, त्याला खोलीच नसते. म्हणून मूळ म्हणून तो धरला तर घरातली प्रत्येक भिंत ही भर ठरते. अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च ह्या स्पीकर कंपनीने 1960च्या सुमारास फाइन आर्ट्स क्वार्टेटबरोबर जाहीर प्रयोग केले, त्यांत वादक मध्येच वाजवणे थांबवत आणि स्पीकर तोच नाद पुढे चालवत. त्यासाठीचे मुद्रण मुद्दाम उघड्यावर केलेले होते, नाहीतर एक सभागृह मुद्रणात आणि दुसरे प्रत्यक्षात असे दोनदा घुमले असते. श्रोत्यांना बदल पकडणे कठीण गेले.

असल्या प्रयोगांवर मृदंग्याचा विश्वास नाही, आणि इतिहास त्याच्या संशयाला थोडा आधार देतो. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून गायकांना फोनोग्राफशेजारी उभे करून असेच प्रयोग केले. लोकांना गाणारी बाई कुठली आणि यंत्र कुठले हे कळले नाही म्हणे! त्या गायिकांपैकी ॲना केस यांनी पुढे सांगितले की आपण आवाज यंत्राच्या जातीचा करून गात होतो.

"बघा," मृदंगी म्हणतो. "यंत्र माणसासारखं झालं नाही, माणूस यंत्रासारखा झाला."

"म्हणूनच नाव झाकून, आवाज अगदी समान करून ऐकवायचं," तंत्रज्ञ म्हणतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून अशा चाचण्या घेतल्या. बहुतेक श्रोत्यांची पसंती सगळे स्वर सारख्या जोराने देणाऱ्या, बाजूलाही तोल न सोडणाऱ्या स्पीकरांना मिळाली. किंमत आणि कंपनीचे नाव दिसेनासे झाले की मते बदलली. मृदंग्याचा आक्षेप राहतोच: त्या श्रोत्यांनी पसंती सांगितली, मूळ वाद्य त्यांच्यापुढे नव्हते. टूल यांनाही ही गाठ ठाऊक होती. मुद्रण करणारा स्वतःच्या स्पीकरवर ऐकून नाद जुळवतो, आणि घरचा स्पीकर त्या मुद्रणावरून पारखला जातो. दोन्हीकडे पक्की पट्टी नाही. पालखीच्या वाटेवरच्या श्रोत्यापाशी ती असते, म्हणून ह्या वादात त्याच्या शब्दाला वजन आहे.

ॲम्प्लिफायर आणि तारांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ताकद पुरेशी असली तर आजचे बरे ॲम्प्लिफायर जातीला धक्का लावत नाहीत. दहा फुटांवरच्या स्पीकरपर्यंत घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली तर जाऊन-येऊन रोध 0.04 ओहम भरतो; 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. महागड्या तारांवर पैसे घालणाऱ्यांना समजावणे हे तंत्रज्ञाने केव्हाच सोडून दिले आहे.

आवाज किती मोठा ठेवायचा, हे मात्र जातीशी थेट बांधलेले आहे. कानाची संवेदना सगळ्या पट्ट्यांत सारखी नाही. आवाज कमी केला की खालचे स्वर वरच्यांपेक्षा लवकर नाहीसे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून मांडले. रात्री घरचे झोपल्यावर हळू लावलेल्या अभंगात टाळ राहतो, घुमारा जातो. स्पीकर तोच, फाइल तीच. मृदंग्याने ज्याला 'दम नाही' म्हटले त्यातला बराच भाग एवढ्यानेच उलगडतो. त्याचे वाद्य ज्या जोराने वाजते तो जोर वस्तीच्या घरात कोणी सहन करणार नाही.

शेवटची अडचण मुद्रणाच्या मांडणीची. मृदंगाची दोन तोंडे वादकाच्या दोन बाजूंना असतात. मुद्रणात प्रत्येक तोंडापाशी वेगळा माइक लावण्याची पद्धत आहे, आणि मिश्रण करताना एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवण्याचा मोह होतो. वाजवणाऱ्याला तसेच ऐकू येते. घरात दोन स्पीकर सात फुटांवर असले की मृदंग सात फूट लांब होतो.

"शाई एका कपाटाशी, कणीक दुसऱ्या कपाटाशी," मृदंगी म्हणतो. "मधे हात कुणाचे?"

तंत्रज्ञ ॲम्प्लिफायरवरचे मोनोचे बटण दाबायला सांगतो. मृदंग एका जागी येतो, थापही घट्ट होते. पण दोन्ही बाजूंच्या रांगांत विखुरलेले टाळही त्याच जागी येऊन गोळा होतात. बटण बंद केले की टाळ पसरतात आणि मृदंगाची लांबी पुन्हा वाढते. मृदंग मधोमध आणि टाळ दोन्हीकडे हवे असतील तर ते मिश्रण करणाऱ्यालाच करावे लागते. एकदा ठरलेली मांडणी घरातल्या कुठल्याही यंत्राला उलगडता येत नाही.